सातव्या उदाहरणापुढचा कंस

१

त्या घरात हाकेशिवाय पान हलत नसे. खाली नवऱ्याचं सुतारकामाचं दुकान, वर राहत्या खोल्या आणि मधे करकरणारा लाकडी जिना. जिना चढण्यापेक्षा ओरडणं सोपं, हा तिथला कायदा. खालून "अगं ए, चहा!" वरून "अहो, येताना दूध!" गच्चीवरून नणंद, "वहिनी, कपड्यांचे चिमटे कुठं ठेवलेस?" आणि इस्पितळातली ड्यूटी संपवून आलेली नर्स मुलगी दारातूनच, "आई, भूक!" शेजारी विचारत, तुमच्याकडे भांडण चाललंय का? भांडण कसलं, संसार चालला होता. ज्यांच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही, त्यांनी ही चौकशी करावी म्हणजे कमालच.

घरच्या बाईनं सारी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन स्विचबोर्डवर केली होती. निवृत्त झाली तरी गल्लीत ती ऑपरेटरबाईच राहिली. एकदा कानावरून गेलेला आवाज ती विसरत नसे. नुसत्या "हॅलो"वरून सांगायची की मोठे डॉक्टर आज घरून रागावून आलेत, फाइल उद्या न्या. कानाचा तिला गर्व होता, आणि का नसावा? कमावलेली गोष्ट होती ती, कुणी हुंड्यात दिली नव्हती.

साठी उलटल्यावर तिनं विद्यापीठात नाव घातलं. लोक हसले. हसू देत; दात आहेत तोवर हसून घ्यावं माणसानं. आता तिचा पहिला शोधनिबंध तयार होत होता. विषय तिचाच: घरातल्या हाका आणि त्यांना मिळणारी ओ. त्यासाठी तिनं सगळ्यांना सांगून, सगळ्यांच्या संमतीनं, स्वयंपाकघरातल्या फळीवर फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. त्यातली निवडक उदाहरणं निबंधात घ्यायची आणि प्रत्येकापुढे कंसात लिहायचं, कोण बोललं आणि केव्हा.

हा कंसाचा धाक मार्गदर्शक बाईंचा. त्या ऑपरेटरबाईंच्या मुलीहूनही लहान, पण शिस्त अशी की लष्करानं शिकवणी लावावी. "वाक्य तुमच्या स्वयंपाकघरात जन्मलं असलं तरी त्याला आईबाप लागतात," त्या म्हणत. "शेवटच्या यादीत नाव घालून भागत नाही. वाक्य जिथं आलंय तिथंच, त्याच्या शेजारी, मालकाचं नाव हवं." घरात सगळे त्यांना कंसबाई म्हणत. नवरा तर ताटावर बसताना विचारायचा, "ही भाजी कुणाची? कंसात सांग, म्हणजे तक्रार कुणाकडे करायची ते कळेल."

२

सहा उदाहरणं विनातक्रार उतरली. (पती), (मुलगी), (नणंद), पुढे तारीख, कंस बंद. सातव्यापाशी ऑपरेटरबाईंचा हात थांबला.

दुपारची नोंद होती. खालून रंध्याचा सरसर आवाज, वर कुठं तरी चमचा वाजला, आणि मग एका बाईचा आवाज, हसू दाबत, लगबगीनं:

"आले, आले! हात ओले आहेत!"

त्यानंतर रंधा थांबला. आणि त्यानंतर नवऱ्याची हाक आली, "अगं ए, जरा खाली येतेस का?"

बाईंनी नोंद मागं घेऊन पुन्हा ऐकली. ओ आधी आणि हाक मागून. तिसऱ्यांदा ऐकली. तेच. त्यांनी स्वतःला समजावलं, यानं आधीही हळू हाक मारली असेल, रंध्याच्या आवाजात बुडाली असेल. पण रंध्याखालून हाक ऐकू येत नाही असा हा कान नव्हे. आणि तेही एक वेळ सोडा. आवाज कुणाचा, हेच त्यांना कळेना. ओळखीचा होता, अगदी रोजच्या वापरातला. नाव तेवढं येईना. चाळीस वायरींच्या बोर्डावर कधी न चुकलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या आवाजाला हरली.

चहाच्या वेळी त्यांनी फोन मधे ठेवून सगळ्यांना ऐकवलं.

"यात काय? तूच," नवरा म्हणाला.

"मी? मी जन्मात कधी 'आले' म्हणालेय? मी 'थांबा' म्हणते."

"हे मात्र खरं," नणंद खिदळली. "दादाला लग्नात पण थांबवलं होतंस. मला वाटायचं ही आपली पोरगी आहे."

"मी कशाला?" मुलगी बिस्किट बुडवत म्हणाली. "मी त्या वेळी ड्यूटीवर असते. मला वाटायचं आत्या."

"वाटायचं म्हणजे?" ऑपरेटरबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही हा आवाज आधी ऐकलाय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नवरा म्हणाला, "रोजच ऐकू येतो की. बरं वाटतं ऐकून."

आणि ते खरंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. गेले काही महिने घर कसं हलकंफुलकं झालं होतं. नवरा काम करताना शीळ घालायचा. नणंदेची पाठदुखी तिच्या स्वतःच्याही लक्षात राहत नसे. ते कशामुळे, हे कुणी विचारलं नव्हतं. सुखाला कोण संदर्भ मागतं?

३

स्वयंपाकघराच्या मागं कपडे धुण्याची एक चिंचोळी खोली होती. मशीन आल्यापासून बंद. नळ केव्हाच तोडून पाइपाला बूच ठोकलेलं, आणि आत नवऱ्यानं सागाच्या फळ्या सुकत ठेवलेल्या. सागाला ओल चालत नाही, म्हणून ती घरातली सगळ्यांत कोरडी खोली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन ओट्यावर पसरलेलं असताना, ऑपरेटरबाई नोंद पुन्हा लावून बसल्या. आवाज फोनपासून किती लांब, डावीकडून की उजवीकडून, हे त्यांना ऐकूनच कळे. आवाज त्या खोलीतून येत होता. त्या उठल्या. दाराला हात घातला. आत सागाचा वास, भिंतीला टेकलेल्या फळ्या, जमिनीवर भुसा. भुशावर पाऊल नाही. स्वतःशीच हसून त्यांनी दार ओढून घेतलं, आणि मग तळहाताकडे पाहिलं.

कडी ओली होती. त्यांच्या बोटांना साबणाचा फेस लागला होता.

माझेच हात ओले असतील, त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, म्हणजे पटायला सोपं जातं. पण त्यांनी त्या दुपारी पाण्याला हात लावलेला नव्हता.

भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीला एक गंमतीशीर चव होती, लपंडावात आपल्यावर राज्य असताना पडदा हलल्यासारखी. त्या टेबलाशी परतल्या आणि एका दमात निबंधातला सगळ्यांत चांगला परिच्छेद लिहून मोकळ्या झाल्या. बाकीच्या सगळ्या उदाहरणांत ओ देणारा हाक ऐकूनच ओ देतो. सातव्यात हाक यायच्या आधीच ओ आली. म्हणजे ओ हे उत्तर नसतंच. मी इथं आहे, तू एकटा नाहीस, एवढंच त्यात सांगायचं असतं. अख्खा निबंध त्या एका वाक्यावर उभा राहिला, तिवईवर घागर ठेवावी तसा.

कंस मात्र रिकामा होता.

४

"स्रोत नाही तर वाक्य नाही," कंसबाई म्हणाल्या. विद्यापीठातली त्यांची खोली एवढीशी, की दोन माणसं बसली तर तिसरं पुस्तकही मावत नसे. "उदाहरण सुरेख आहे, बाई. पण कंसात काय लिहिणार?"

"अनामिक लिहू?"

"अनामिक पुस्तक असतं, ज्याचा लेखक कुणालाच माहीत नाही. हे बोलणं तुमच्या घरात झालंय, तुम्ही घरात असताना. उद्या वाचक विचारेल, बाई, तुमच्या घरात कोण राहतं हे तुम्हालाच माहीत नाही का?"

कंसबाईंनी हे हसत म्हटलं. ऑपरेटरबाई हसल्या नाहीत.

"नणंदेचं नाव घालू?"

"तिनं म्हटलंय का?"

"नाही."

"मग ते खोटं झालं. दुसऱ्याचं वाक्य भलत्याच्या नावावर टाकणं ही चोरीची मावसबहीण." त्या जरा पुढे वाकल्या. "शुक्रवारी निबंध नियतकालिकाला पाठवायचाय. समितीत दोघे असे आहेत की तुमचं वय बघून आधीच भुवया चढवून बसलेत. त्यांना एक कंस मोकळा सापडला ना, की निबंध परत आणि पुढची संधी वर्षानं. सातवं काढा. बाकीच्यांवरच उभं करा."

काढायला काय लागतं? एक बटण. घरी येऊन त्यांनी ते दाबलं. आठवं सातवं झालं, नववं आठवं. निबंध एका बाजूला कलला, पण कागदावर ते दिसत नव्हतं.

त्या क्षणी स्वयंपाकघरामागे कडी पडल्याचा आवाज झाला. आतून.

५

पहिले दोन दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग नणंद गच्चीवरून खाली आली ती तणतणत. "बहिरे झालात का सगळे? चिमट्यांसाठी ओरडतेय केव्हाची."

"आम्ही नाही ऐकलं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या जिन्याशीच बसल्या होत्या.

हाका मारल्या जात होत्या, पण पोचत नव्हत्या. तोंडातून निघायच्या आणि खोलीच्या मध्यावर कुठं तरी जिरून जायच्या, वाळूत पाणी जिरावं तशा. नवऱ्याची शीळ थांबली. चहाला प्रत्येक जण आपापला कप घेऊन आपापल्या खोलीत जाऊ लागला. मुलगी म्हणाली, "आई, आपल्या घरात इस्पितळासारखं वाटायला लागलंय." सगळं जिथल्या तिथं होतं. घड्याळ, भांडी, माणसं. पण भरल्या घरातून कुणी तरी उठून गेलं की मागं एक गार जागा राहते ना, ती जागा खोलीखोलीतून फिरत होती.

गुरुवारी ऑपरेटरबाई भाजी चिरत बसल्या होत्या. खिडकी उघडी, दुकान बरोबर खाली, घर चिडीचूप. संध्याकाळ व्हायच्या आत मुलगी कामावरून आली आणि खालून तिची किंकाळी आली. ती मात्र ऐकू आली, कारण ती रस्त्यावरून आली होती.

दुकानात फळ्यांची चवड घसरली होती आणि नवरा तिच्याखाली अडकून बसला होता. पाय मोडला नव्हता, नशीब. चेहरा पांढरा, ओठ कोरडे.

"घसा फाटेस्तोवर ओरडलो गं," तो म्हणाला. आवाज खरोखरच फाटला होता. "कितीदा हाक मारली. तू वरच होतीस ना?"

त्या वरच होत्या. त्यांनी काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. ज्या कानांनी सातव्या मजल्यावरचा कण्हणारा आवाज ओळखून नर्स धाडली होती, त्या कानांनी.

नवऱ्याच्या पायाला पट्टी बांधून मुलगी वळली तर आई जिना चढून कधीच वर गेली होती.

६

धुण्याच्या खोलीचं दार आतून बंद होतं. त्याला आतून कडीच नव्हती, हे इथं सांगून ठेवते.

ऑपरेटरबाई दारासमोर स्टूल घेऊन बसल्या. त्यांनी अनोळखी माणसाशी बोलताना बोर्डावर लावायच्या तो आवाज लावला. गोड, पण ऐकून घेणारा नाही असा.

"हे बघ बाई, चूक माझी झाली. तुझं वाक्य घेतलं आणि तुला द्यायचं ते दिलं नाही, आणि वर वाक्यच पुसून टाकलं. पण माझा माणूस आज खाली अडकला होता. माझ्यावर रुसायचं तर माझ्यावर रूस, त्याच्या हाका का अडवतेस? वाक्य मी परत घालतेय. फुकट नको मला. नाव सांग, कंसात लिहिते."

दारापलीकडे काही नाही. मग ठिबकल्यासारखा आवाज. बूच ठोकलेल्या पाइपाच्या कोपऱ्यातून.

"नाव सांगायचं नसेल तर तेही चालेल," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, इतकी वर्षं मी केलं तरी काय? बोर्डावर माणसांना नावं नव्हतीच कधी. 'बावीस नंबरला द्या.' 'सहा नंबर बोलतंय.' खोली बोलायची. डॉक्टर बदलायचे, पेशंट यायचे जायचे, कुणी बरा होऊन घरी जायचा, कुणी नुसताच जायचा. बावीस नंबर बावीसच. आवाज कुठून आला ते चोख सांगितलं की ऑपरेटरचं इमान राखलं गेलं. कोण आहे ते पलीकडच्यानं बघून घ्यावं.

"धुण्याची खोली," त्या दाराला म्हणाल्या. "असं लिहू? धुण्याची खोली, घरगुती नोंद, आणि तारीख. चालेल?"

आत कुणी तरी हसलं. दाबून, मग न दाबता. ते हसू इतकं मोकळं होतं की बाईंना स्वतःलाच हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, अंगावर काटा उभा असताना. दाराच्या खालच्या फटीतून साबणाचा एक बुडबुडा बाहेर आला. डगमगत ओट्याच्या उंचीपर्यंत चढला आणि फुटला.

खालून नवऱ्याची फाटक्या आवाजातली हाक आली. "अगं ए, चहा मिळेल का?"

स्पष्ट ऐकू आली. तिच्या आधीची ओ सुद्धा.

७

"खोली?" कंसबाई म्हणाल्या. "बाई, खोली कशी बोलेल?"

"इस्पितळात सगळ्या खोल्या बोलायच्या," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "बोलणारी अज्ञात आहे, हे मी लपवत नाही. आवाज कुठून आला, केव्हा आला, कुणाच्या फोनवर नोंदला गेला, सगळं कंसात आहे. नाव मला माहीत नाही, ते मी लिहिलेलं नाही. जेवढं माहीत आहे तेवढं चोख लिहिलंय. याहून खरं कसं लिहितात ते दाखवा, तसं लिहिते."

कंसबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. तो कंस पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "काय बाई आहात हो तुम्ही!" आणि निबंधावर सही केली. सही करताना थांबल्या. "एक विचारू? ती नोंद ऐकवता?"

ऐकून झाल्यावर त्या, "कुणी तरी आपल्यासाठी धावत येतंय असं वाटतं," म्हणाल्या, आणि घाईनं खिडकी उघडायला गेल्या.

निबंध स्वीकारला गेला, छापला गेला. त्या दिवशी नवऱ्यानं लंगडत लंगडत अख्ख्या गल्लीला पेढ्यांऐवजी लाकडी चमचे वाटले, स्वतः घडवलेले. नणंदेनं नियतकालिक छातीशी धरून नाच केला. "सहाव्या उदाहरणात मी आहे, सहाव्या! कंसात!" मुलगी म्हणाली, "आत्या, त्या वाक्यात तू 'माझे मोजे कुणी ढापले' असं ओरडतेयस." "असू दे. छापलंय ना?"

सगळे हसत होते. स्वयंपाकघरामागेही.

८

काही महिन्यांनी, एका सकाळी, घरातला जुना टेलिफोन वाजला. दुसऱ्या शहरातला कुणी तरुण प्राध्यापक. आवाज लाजरा, रात्रभर वाचत बसणाऱ्या माणसाचा.

"बाई, तुमच्या निबंधाचा मी माझ्या निबंधात आधार घेतलाय. सातवं उदाहरण. कंसात तुमचं नाव, वर्ष, पान, आणि मूळ धुण्याच्या खोलीचं, हेही स्पष्ट लिहिलंय. बरोबर झालं ना? कुणाचं राहून जायला नको."

"अगदी बरोबर झालं," ऑपरेटरबाई खुशीत म्हणाल्या. आपल्याला कुणी तरी कंसात घातलं, याचा आनंद काय असतो ते ज्याचं त्यालाच कळतं. "वाक्य वापरणारे पुष्कळ, विचारणारा एखादाच. शाब्बास."

"माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे हो ती. मी इथं अगदी..."

त्याच्या मागून, लांबून, ओल्या फरशीवरून येणाऱ्या पावलांबरोबर, हसू दाबत, लगबगीनं:

"आले, आले! हात ओले आहेत!"

ऑपरेटरबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. आवाज ओळखायला त्यांना या वेळी क्षणही लागला नाही.

"घरात कोण आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. एकटाच असतो मी. का हो?"

काय सांगणार? घाबरवायचं? त्या आवाजात घाबरण्यासारखं होतं तरी काय? त्याची काळजी नव्हती. त्यांनी दुसरा कान स्वतःच्या घराकडे लावला. स्वयंपाकघर शांत. मागची खोली शांत. खाली रंधा नाही, वर गच्चीवर चाहूल नाही. म्हणजे गेली. जिथं कंस नीट बांधला, तिथं राहायला गेली. बरोबरच आहे, त्यांनी मनाला बजावलं. तो पोरगा एकटा आहे, त्याला जास्त गरज आहे. पण ती चवड पुन्हा घसरली तर? नवऱ्याची हाक पुन्हा वाळूत जिरली तर?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पण एक करा. चहा करताना मोठ्यानं हाक मारत जा."

"कुणाला?"

"कुणालाही. मारून तर बघा."

तो हसला. पहिल्यांदाच मोकळा हसला असावा, आवाजावरून कळत होतं. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि हात तसाच त्यावर राहिला. मग घरातल्या सगळ्यांना, आहेत ना हे बघण्यासाठी, एकच हाक मारावी म्हणून त्यांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. शब्द अजून जिभेवर यायचा होता.

"आले, आले!"

पाठीमागून. अगदी जवळून.

समोरच्या काचेच्या कपाटात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि खांद्यामागे कोपरापर्यंत बाही सरसावलेला एक हात, बोटांवर फेस. त्यापलीकडे काचेवर ऊन पडलं होतं, म्हणून दिसलं नाही, आणि त्यांनी मान वळवली नाही. हात खांद्यावर टेकला. ब्लाउजमधून गार पाणी पाठीवर ओघळलं आणि त्यांच्या अंगावर शहारा आला तो थेट टाचांपर्यंत.

खालून रंधा सुरू झाला. नवरा शीळ घालत होता.

"अगं," ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, "आधी पुसून तरी यायचं!"